पहिल्या पाण्यात थोडा जाईल

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कापडाचे मूळ प्रकार दोनच: मळखाऊ आणि बिनकामाचं. सुती, रेशमी, टेरिकॉट हे नंतरचे पोटभेद. लग्नाच्या बस्त्यात नवरीसाठी मोतिया रंगाचा शालू उलगडला की मागच्या रांगेतून एखादी चुलती हमखास विचारते, "छान आहे गं, पण मळेल ना?" तो शालू आयुष्यात दोनदा नेसला जाणार आणि उरलेला काळ डांबराच्या गोळ्यांत झोपून काढणार, हे तिलाही ठाऊक असतं. पण प्रश्न विचारलाच पाहिजे. नगर रस्त्याची धूळ, उसाच्या ट्रॅक्टरमागे उडणारं पाचट, भीमाकाठची काळी माती आणि एके काळी दौंड जंक्शनवर रात्रंदिवस धूर सोडणारी इंजिनं, एवढं सगळं पाहिलेल्या माणसांनी मळाशी भांडण कधीच सोडून दिलंय. मळ राहणारच. तो दिसू नये एवढीच अपेक्षा.

गोधडीचं अस्तर निवडताना हे तत्त्वज्ञान कळसाला पोचतं. वरच्या बाजूला साड्यांचे तुकडे, जुने परकर, बाळाची झबली, कुणाचा तरी फुलाफुलांचा गाऊन अशी सगळी गर्दी भांडत असते. म्हणून खालच्या बाजूला एक तरी शांत, गडद, बिनफुलांचा रंग हवा असतो. नेव्ही ब्लू, मरून, बॉटल ग्रीन, वांगी, नाहीतर सरळ काळा. त्यावर चहा सांडला तरी दिसत नाही, पोराचं नाक पुसलं तरी दिसत नाही, आणि ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या धुवायची घाई नसते.

यात अडचण एकच. जो रंग मळ खातो, तोच पाण्यात गेला की ओकतो.

आमच्या आज्यांना ही अडचण माहीत नव्हती, कारण त्यांनी गोधडीसाठी दुकानात जाऊन कापड आणलं, असं कुणी सांगितलं असतं तर गावानं त्यांना वेड्यात काढलं असतं. गोधडी ही कापडाची निवृत्तीनंतरची नेमणूक. लुगडं आधी सणाला नेसायचं, मग रोज, मग शेतात. मग फाटलं की दंड घालून पुन्हा शेतात, मग त्याचा धडपा, आणि धडप्याचंही धडुतं व्हायची वेळ आली की गोधडीत. तोवर त्यात जाण्याजोगा रंग उरलेलाच नसायचा. जो काय जायचा तो विहिरीवर, ओढ्यावर, घामात आणि उन्हात कधीच गेलेला. संक्रांतीची काळी चंद्रकळा गोधडीपर्यंत पोचायची ती राखाडी होऊन. तिच्याकडे बघून कुणी "रंग पक्का आहे का?" असं विचारत नव्हतं, कारण उरलेला रंग पक्काच असणार, नाहीतर उरला कशाला असता?

आता नऊवारी नेसणारी बाई घरटी एकही उरली नाही. कपाटात उरल्यात त्या सिंथेटिक साड्या. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत आणि अंगाला ऊबही देत नाहीत. भर म्हणून आत चालतात, पण अंगाखाली घेतल्या तर माणूस रात्रभर घसरत राहतो. म्हणून अस्तराला सुती कापड हवं, आणि सुती जुनं मिळत नाही म्हणून नवं आणावं लागतं. सगळा घोळ इथून सुरू झाला. गोधडीत पहिल्यांदाच असं कापड शिरलं ज्याला आयुष्याचा काही अनुभव नाही.

हे कापड मिळतं मॅचिंग सेंटरमध्ये. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि परकर यांच्या या राज्यात प्लेन रंगांचे एवढे तागे उभे असतात की इंद्रधनुष्यानं लाजावं. एकट्या जांभळ्याचे कोनफळी, वांगी, जांभूळ, वाइन असे भाऊबंद, आणि प्रत्येकाची स्वतंत्र चूल. शिरूरच्या बाजारपेठेतल्या अशाच एका दुकानात मी मोठ्या वहिनींबरोबर पिशव्या धरण्याच्या कामावर गेलो होतो. वहिनींनी मरूनचा तागा उलगडायला लावला, पन्हा विचारला, छत्तीसचा असल्यामुळे मधे जोड येणार म्हणून नाक मुरडलं आणि मग मुद्द्यावर आल्या.

"रंग जाईल का हो?"

"ताई, रंग गेला तर कापड परत."

"शिवलेली गोधडी परत घेणार तुम्ही?"

"गोधडी कशी घेणार? कापड परत आणा."

"अहो, कापड गोधडीत असणार ना."

दुकानदार थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग त्यानं ते वाक्य उच्चारलं, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कापडाच्या दुकानात गादीवर बसण्याआधी पाठ करून घेतात: "पहिल्या पाण्यात थोडा जाईल. मग आयुष्यभर बघायचं नाही."

आयुष्यभर म्हणजे कुणाच्या, हे वहिनींनी विचारलं नाही. पण गंमत अशी, की या वाक्यात खोटं काही नसतं. गडद रंग आणायचा तर कापडाला रंग भरपूर पाजावा लागतो. फिकट गुलाबीला चिमूटभर पुरतो, मरूनला आणि काळ्याला ओंजळीनं लागतो. सुती कापडावर आज सर्रास वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं १९५६ साली ते बाजारात आणले, आणि त्यांचा गुण असा की ते धाग्याशी रासायनिक गाठ मारून बसतात. एकदा बसले की साबणाला दाद देत नाहीत. पण ओंजळीतला सगळाच रंग गाठ मारत नाही. काही भाग टाकीतल्या पाण्याशीच लगट करून बसतो आणि धाग्याच्या लायकीचा उरत नाही. तरीही तो कापडातच बसून राहतो, फुकट्या पाहुण्यासारखा. त्याला हाकलायला कारखान्यात कापड कढत पाण्यातून साबण घालून पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. कढत पाण्याला जळण लागतं, जळणाला पैसे लागतात, आणि मीटरमागे चार रुपये वाचवायचे असले की पहिली कात्री या धुण्यावर चालते. म्हणजे दुकानदार म्हणतो तो "थोडा" रंग म्हणजे कारखान्याचं राहिलेलं धुणं. ते तुम्ही घरी, तुमच्या बादलीत, तुमच्या साबणानं पुरं करता आणि वर कापडाचे पूर्ण पैसे देता. त्याहून स्वस्त माल असेल तर त्यात डायरेक्ट रंग असतात. ते गाठबीठ काही मारत नाहीत, नुसते टेकून बसतात, आणि पाणी दिसलं की उठून चालू लागतात. तेव्हा वाक्यातला "पहिल्या" हा शब्द तेवढा जपून घ्यावा.

वहिनींनी पाच मीटर मरून घेतलं. दौंडच्या आत्यानं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

आत्या दुकानदाराला काही विचारतच नाही. विचारलं की माणूस बोलतो, आणि बोलला की विकतो, असं तिचं म्हणणं. ती ताग्याचं टोक हातात घेते, बोट तोंडात घालून ओलं करते, टोक भिजवते आणि दुकानदाराच्या गादीवरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर खसाखसा घासते. रंग उतरला तर कापड नापास. पांढऱ्यावर काळा ओरखडा बघून दुकानदाराचा चेहरा कापडापेक्षा लवकर विटतो, पण गिऱ्हाईक देव असल्यामुळे त्याला बोलता येत नाही. खरं सांगायचं तर ही परीक्षा शास्त्रशुद्ध आहे. कापडाच्या प्रयोगशाळांतही ओलं पांढरं सुती फडकं रंगीत कापडावर ठराविक दाबानं घासतात आणि त्यावर उमटलेल्या डागाला १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे डागच नाही, १ म्हणजे देवाचं नाव घ्या. फरक एवढाच, की प्रयोगशाळा फडकं स्वतःचं वापरते.

तिच्या नेहमीच्या दुकानदारानं अखेर गादीवर गडद चॉकलेटी चादर घातली. आत्या गेली, चादरीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे पाच मीटर दे. याच्यावर एवढी गिऱ्हाईकं बसून गेली, कुणाचं धोतर रंगलेलं दिसलं नाही."

आता राहिला मिठाचा वाद. या वादानं आमच्या घराण्यात जेवढे अबोले झाले तेवढे जमिनीच्या वाटणीनंही झाले नाहीत. वहिनींचा पक्ष मिठाचा: नवं कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो. चुलत सासूबाई तुरटीच्या. एक मावसबहीण पुण्याला जाऊन आल्यापासून व्हिनेगरची झाली आहे. प्रत्येकीकडे पुरावा आहे आणि प्रत्येकीचं एकेक पांढरं कापड गुलाबी झालेलं आहे. तुरटी गुणी आहे, पण ती लागते मंजिष्ठासारखे झाडापाल्याचे रंग चढवण्याआधी. लग्न लागून गेल्यावर अंतरपाट धरून काय उपयोग? व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या रंगांचं औषध, सुतीला त्याचा नुसता वास लागतो. आणि मीठ तर घरभेदी. रंगारी टाकीत मीठ घालतात ते रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला, हे खरं. म्हणूनच मिठाच्या बादलीत सुटा रंग बाहेर पडायचं टाळतो, पाणी स्वच्छ दिसतं, वहिनी सगळ्यांना बोलावून बादली दाखवतात, आणि तोच रंग पुढच्या साध्या पाण्यात मोकाट सुटतो. आमच्याकडचं बोअरचं जड पाणीही थोडीफार हीच कारवाई करतं. त्याला साबणाचा फेस येत नाही आणि फुकट्या रंगाला ते घराबाहेर काढत नाही.

उपाय आहे तो सगळ्यांच्या जिवावर येणारा. कापड शिवण्याआधी चांगलं कढत पाणी आणि साबण घेऊन धुवायचं, पाणी ओतायचं, परत धुवायचं, पाणी निवळ येईपर्यंत. शेवटी ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून वाळवायचं. फडकं पांढरं राहिलं तर सुई हातात घ्यायची. काही केल्या पाणी निवळत नसेल तर ते कापड गोधडीच्या कामाचं नाही, त्याचा पडदा करावा. यात आणखी एक फायदा म्हणजे कापड जेवढं आटायचं तेवढं आधीच आटतं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, वरची बाजू तशीच राहते, आणि गोधडी कडेनं गोळा होऊन बसते. एवढं सगळं वहिनींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, कढत पाणी तुम्ही तापवणार का?" चर्चा तिथे थांबली.

गडद आणि पक्का रंग शोधायची दौंडची स्वतःची पद्धत आहे, आणि शिरूरकर कितीही नाक मुरडोत, ती मला बिनतोड वाटते. दौंड म्हणजे गणवेशांचं गाव. एकीकडे रेल्वे, दुसरीकडे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, क्रमांक ५ आणि ७. सरकारी गणवेशाचं कापड वर्षानुवर्षं बंदोबस्ताच्या उन्हात उभं राहतं, पावसात भिजतं, दगडावर आपटलं जातं, आणि तरी परेडला सगळे एकाच रंगाचे दिसले पाहिजेत. एवढी कसोटी कुठली प्रयोगशाळा घेणार? आत्याचे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना निरोपाचा नारळ मिळाला आणि आत्याला पँटी मिळाल्या. त्या नेव्ही ब्लू पँटी उसवून, गुडघ्याचा भाग वगळून तिनं जे अस्तर जोडलंय त्याचा रंग अजून जाग्यावर आहे. पाहुणे आले की ती गोधडी उलटी अंथरते आणि सांगते, "ह्यांची सगळी नोकरी आहे यात. एक ठिपका गेला नाही." यजमान तिथेच बसलेले असतात. त्यांचे केस पिकले, दात गेले, पण पँट तीच.

शिरूरवाल्यांनी यावर रांजणगाव काढलं. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचे निळे-करडे शर्ट आता शिरूरच्या गोधड्यांत दिसू लागलेत. पण त्यात पॉलिस्टरची भेसळ असते, आणि दुसरं म्हणजे कंत्राटी पोरांच्या नोकऱ्या शर्ट विटेपर्यंत टिकत नाहीत. कापड कोरंच राहतं. आत्याचं मत असं, की वीस वर्षं पगार न खाल्लेल्या कापडावर विश्वास ठेवू नये.

खरी परीक्षा भाद्रपदात. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी "दसरा काढतात", म्हणजे घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुतात. गोधडी कोरडी असताना एकट्याला उचलते, ओली झाली की चौघांना ऐकत नाही. त्यामुळे टेम्पो-ट्रॉल्या भरून गोधड्या नदीला आणि कालव्याला निघतात. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा, शिरूरकडे चासकमानचा, नाहीतर घोडनदी आहेच. काठावर सोडा, पावडर, दांडकी, पोरं, जेवणाचे डबे, आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून गोधड्या तुडवणारं सगळं गाव. कुणाच्या घरात किती रंग पक्का आहे ते तेव्हा चारचौघांत उघड होतं. वहिनींची मरून गोधडी पाण्यात पडली आणि खालच्या अंगाला धुणाऱ्या बायका एकदम ओरडल्या. त्यातल्या एकीची पांढऱ्या अस्तराची होती. ती आता गुलाबी आहे आणि दोन्ही घरांत बोलणं नाही. तिनं ती तरी गुलाबी म्हणून ठेवली. वहिनींच्या स्वतःच्या गोधडीवर वरच्या बाजूला सासूबाईंच्या मोतिया साडीचा चौकोन होता, त्यावर मरून ढग आले ते आजतागायत हटले नाहीत. ओल्या गोधड्या एकावर एक रचून डबा खायला बसलं की हे हटकून होतं. रंगाला वाहत्या पाण्यापेक्षा असा निवांत शेजार जास्त आवडतो.

घोडनदी पुढे जाऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते, हे आत्याला भूगोलात शिकवलेलं असावं. त्या दिवसांत भीमेला गढूळ लाल पाणी असतंच. आत्या पुलावरून ते बघते आणि फोन करते, "झाली का तुझ्या वहिनीची गोधडी धुऊन?"

न धुताही रंग जाऊ शकतो, याचा पुरावा म्हणजे आमचे एक जावई. अधिक महिन्यात धोंडे खायला आले होते. पुरणाचे धोंडे, तूप, नवा पांढरा पोशाख, चांदीचं निरांजन, सगळं यथासांग झालं, आणि रात्री पाऊस लागला म्हणून त्यांना खास नवीकोरी निळी गोधडी दिली. ती निळीच्या, म्हणजे इंडिगोच्या कापडाची होती. इंडिगो पाण्यात सहसा विरघळत नाही, त्यामुळे बादलीची परीक्षा तो दिमाखात पास होतो. पण तो धाग्याच्या आत न जाता बराचसा वरवर बसतो आणि घासला की उतरतो. त्यात जावई उजव्या कुशीवर झोपणारे. सकाळी ते चहाला आले तेव्हा उजवा कान, उजवा गाल आणि नव्या पोशाखाची उजवी बाजू निळी होती. घरातल्या कुणीही, अगदी लहान पोरांनीही, काही म्हटलं नाही. सासूबाईंनी फक्त चहात साखर जास्त घातली. जावई तसेच बसस्टँडवर गेले आणि घरी पोचल्यावर आरशापुढे उभे राहिले असावेत, कारण संध्याकाळी फोन आला तो मुलीचा होता.

रंग जाणं आणि रंग विटणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. धुण्यात दगडासारखा राहिलेला काळा उन्हात वर्षभरात तांबूस होऊ शकतो. स्वस्त काळ्याची तर ही खोडच. उन्हाची परीक्षा वेगळी असते, १ ते ८ गुणांची, आणि आमच्या भागात ती मार्च ते मे विनामूल्य घेतली जाते. बायका गोधड्या वाळत घालतात कंपाउंडच्या भिंतीवर, भर दुपारी, तीही गडद बाजू वर करून, कारण फुलाची बाजू विटू नये. बिचारं अस्तर मळ खातं, ऊन खातं, कधी कावळ्याचंही खातं. आता बिबट्याच्या भीतीनं गोधड्या दिवे लागायच्या आत घरात येतात. उन्हानं मात्र तोवर त्याचं काम केलेलं असतं.

गडद प्लेन कापडाचं वेड आपल्याच नशिबी आहे असं मला वाटायचं. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आमिश नावाचे लोक राहतात, साधेपणाचं व्रत घेतलेले. त्यांच्या बायका गोधड्या शिवतात आणि जुन्या चालीप्रमाणे त्यात छापील फुलंबिलं घालत नाहीत, फक्त प्लेन: काळा, वाइन, जांभळा, गडद निळा. म्हणजे आत्याचं सगळं मॅचिंग सेंटर. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि लोक तिकीट काढून बघायला आले. हे मी आत्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "भिंतीला थंडी वाजत होती का?" मग जरा विचार करून, "पण बरंय. भिंतीवरच्या धुवाव्या लागत नाहीत. रंग पक्का असो नसो, कुणाला कळतंय."

परवा पुण्याहून भाचीनं आत्यासाठी गोधडी पाठवली. प्रदर्शनातली, हाताने शिवलेली, गडद नेव्ही अस्तराची, किंमत ऐकून आत्या दोनदा पाणी प्यायली अशी. आत्यानं सवयीनं टोक ओलं करून गादीवर घासलं. डाग आला नाही. उन्हात धरून बघितलं, टाके मोजले, तेही पास. मग कोपऱ्यातल्या चिठ्ठीकडे लक्ष गेलं आणि मला वाचायला लावलं. त्यावर लिहिलं होतं: फक्त ड्रायक्लीन करावे.

"म्हणजे पाण्यात घालायची नाही?"

"नाही."

"मग दसऱ्याला?"

"लाँड्रीत द्यायची."

आत्यानं गोधडीची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या वहिनीला दे. सांग, आत्यानं आठवणीनं पाठवली. आणि चिठ्ठी तेवढी काढून ठेव."